पूल पाहावा हलवून

गेल्या दोन महिन्यांत तीन वेगवेगळ्या लोकांनी मला जवळजवळ तोच प्रश्न विचारला. त्यांच्या भागातला जुना लोखंडी पूल पाडणार आहेत, तो उचलून दुसरीकडे नेता येईल असं कुणीतरी म्हणतंय, तर सुरुवात कुठून करायची? तिघांनाही तुकड्यातुकड्यांत सांगून झालं. आता एकदाच सगळं लिहून ठेवते.

मी इंजिनिअर नाही. हिशेब बघणारी बाई आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका छोट्या गावात राहते आणि सायकलच्या वाटा सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटाची खजिनदार आहे. या पुलाला आमची साडेपाच वर्षं लागली. त्यातले लोखंडाशी झटापट करण्याचे महिने मोजले तर दहाही भरणार नाहीत.

मार्च २०१८. नेहमीच्या फेरीत पुलाच्या दोन्ही टोकांना नव्या पाट्या दिसल्या. पूल काउंटीचा (म्हणजे इथल्या जिल्ह्याचा), ओढ्यावरचा, एकपदरी, १०४ फूट लांब. चार टनांची मर्यादा असल्यामुळे शाळेची बस आणि आगीचा बंब दोघंही सात मैलांचा वळसा घालून जायचे. पाटीवर लिहिलं होतं की हा ऐतिहासिक पूल बदलण्यात येणार आहे, आणि तो दुसरीकडे नेऊन वापरायची कुणाची तयारी असेल तर काउंटीशी संपर्क साधावा. फुकट.

ही पाटी म्हणजे कुणाची हौस नव्हती, हे नंतर कळलं. १९८७ पासून अमेरिकेत कायदाच आहे की फेडरल पैशातून ऐतिहासिक पूल पाडायचा असेल, तर आधी तो कुणाला तरी देऊ करावा लागतो. घेणाऱ्याने तो जतन करायचा आणि पुढची सगळी कायदेशीर आणि आर्थिक जबाबदारी उचलायची. त्या बदल्यात, पाडायला जो खर्च आला असता त्या हिशेबाने काही मदत मिळू शकते. इंडियानाने २००६ मध्ये राज्यभरासाठी एक करार केला आणि जुन्या पुलांचे दोन गट पाडले, सिलेक्ट आणि नॉन-सिलेक्ट. सिलेक्ट म्हणजे जपायचेच. नॉन-सिलेक्ट पाडता येतात, पण जाहीर सुनावणीच्या निदान सहा महिने आधी त्यांची जाहिरात करावी लागते, पुलावर पाटी लावून आणि वर्तमानपत्रात छापून. आमचा नॉन-सिलेक्ट. पाटी दिसली त्याच दिवशी फोनमध्ये तिचा फोटो काढून तारीख नोंदवून ठेवा, घड्याळ तिथून सुरू होतं.

पहिल्या अर्जाला एक पान पुरतं. तुम्ही कोण, पूल कुठे नेणार, कशासाठी नेणार. पहिल्या तीन रकान्यांची उत्तरं मी रात्री जेवणानंतर वीस मिनिटांत लिहिली. चौथा रकाना होता: पुलाचा भावी मालक. तिथे पेन थांबलं ते नोव्हेंबरपर्यंत.

आमच्या गटाच्या खात्यात तेव्हा ३,१०० डॉलर होते. पुलाचा मालक होणं म्हणजे त्यावरून कुणी पडलं, पुरात तो वाहून खालच्या पुलावर आदळला, शंभर वर्षांनी तो पाडायची वेळ आली, तर या सगळ्याला आपण जबाबदार. विमा एजंटने माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा पूल सध्या कुठे आहे म्हणालात?" म्हटलं, अजून रस्त्यावर. तो म्हणाला, "मग अजून विचार करायला वेळ आहे तुम्हाला."

शेवटी गावाचं उद्यान मंडळ तयार झालं. त्यासाठी पाच बैठका लागल्या, बहुतेक संध्याकाळी सातला, आणि आमचा विषय नेहमी कार्यक्रमपत्रिकेत शेवटचा. अट अशी की मालकी मंडळाची, पण पंचवीस वर्षं देखभाल आमच्या गटाने करायची. १९ पानांचा करार झाला. तो तपासायला वकील लागला, त्याने फी अर्धी घेतली तरी दीड हजार गेले. माझा सल्ला: पुलाचे फोटो, जुन्या आठवणी, चित्रं, निधीसाठीचे टी-शर्ट, हे सगळं नंतर. आधी चौथा रकाना भरा. एका शेजारच्या काउंटीतल्या गटाने हे उलटं केलं. त्यांच्याकडे टी-शर्ट आहेत, पूल भंगारात गेला.

भंगारावरून आठवलं. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, लोक जुनं लोखंड विकून पैसे घेतात, तू पैसे देऊन घेतेयस?" पुढे साडेपाच वर्षं दर रविवारी तिने त्या पुलाची चौकशी केली, एखाद्या आजारी नातेवाइकाची करावी तशी.

पूल नेमका कधीचा, हे सुरुवातीला कुणालाच माहीत नव्हतं. वरच्या आडव्या कांबीवर पूर्वी बांधणाऱ्या कंपनीची पाटी असणार. आता तिथे फक्त दोन भोकं होती. अशा पाट्या चोरीला जातात. तुमच्या पुलावर अजून असेल तर आजच तिचा फोटो काढा. आम्हाला उत्तर सापडलं ते कोर्टहाउसच्या तळघरात. काउंटी कमिशनरांच्या बैठकांच्या हस्तलिखित वह्या तिथे सालवार लावून ठेवल्या आहेत. दोन शनिवार त्यात घालवल्यावर १८९३ च्या वहीत आमचा ओढा, लांबी आणि सतराशे डॉलरच्या आसपासचं कंत्राट सापडलं. त्या तळघरात थंडी होती, शाई फिकी होती आणि मला फार छान वाटलं होतं, हे मान्य करते.

आमचा पूल प्रॅट ट्रस प्रकारचा. ट्रस म्हणजे त्रिकोणांत जोडलेल्या पट्ट्यांचा सांगाडा. हा आराखडा १८४४ मध्ये केलेब आणि थॉमस प्रॅट या बापलेकांनी पेटंट केला. यात उभे खांब दाब घेतात आणि तिरक्या पट्ट्या ताण घेतात. जोडांमध्ये रिवेट (तापवून, ठोकून कायमचे बसवलेले खिळे) नाहीत, मोठाल्या पिना आहेत, दाराच्या बिजागरीत असते तशी आरपार जाणारी पिन. खालची लांब पट्टी म्हणजे टोकांना भोकं असलेल्या आयबारांची साखळी. कारखान्यात तुकडे करायचे, रेल्वेने गावापर्यंत पाठवायचे, तिथे लाकडी मचाण उभारून काही दिवसांत पिना ठोकून मोकळं व्हायचं, अशी ती पद्धत. म्हणजे हा पूल सुटा करून हलवता येतो ही आपली हुशारी नव्हे, तो मुळात सुटा होऊनच इथे आला होता. हे इंजिनिअरने समजावलं तेव्हा माझी अर्धी धास्ती गेली.

इंजिनिअरबद्दल. पहिल्याने सांगितलं की एवढ्या पैशात कारखान्यातून तयार येणारा नवा पादचारी पूल घ्या, स्वस्त पडेल आणि लवकर होईल. त्याचा हिशेब चूक नव्हता. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते: फक्त ओढा ओलांडायचा असेल तर जुना पूल हलवणं परवडत नाही. आम्हाला तो पूल हवा होता, हे आम्ही स्वतःशी कबूल केलं आणि दुसरा इंजिनिअर शोधला. त्याला विचारायचा प्रश्न एकच, "पिनांच्या जोडणीचे किती पूल तुम्ही स्वतः सुटे केलेत?" कॉंक्रीटचे पूल बांधून केस पिकलेले लोकही या प्रश्नाला अडखळतात. शक्य असेल तर हलवलेले पूल जाऊन बघा. मिशिगनमध्ये बॅटल क्रीकजवळ कॅल्हून काउंटीचं एक उद्यानच आहे, तिथे असे जुने ट्रस पूल ठिकठिकाणांहून आणून, दुरुस्त करून, पायी फिरणाऱ्यांसाठी बसवलेत. आम्ही चौघं एका गाडीने गेलो. परत येताना गाडीत कुणी "सोडून देऊ या" म्हणालं नाही.

सगळ्यात मोठा धक्का वजनाच्या हिशेबाने दिला. मी धरून चालले होते की गाड्यांचा पूल माणसांना दिला की त्याचं ओझं कमी होणार. उलटंच आहे. पादचारी पुलांच्या नियमात दर चौरस फुटाला ९० पौंड धरतात, म्हणजे पुलावर माणसांची खच्चून गर्दी. १०४ फूट लांब, १४ फूट रुंद: एक लाख एकतीस हजार पौंड. ६५ टन. आणि पाटी सांगत होती चार टन! एका वेळी एक गाडी आणि पुलभर मिरवणूक यांतला हा फरक. तोडगा निघाला तो सोपा होता. चालायचा भाग १० फुटांचा ठेवायचा आणि कठडे आत घ्यायचे. ओझं ४७ टनांवर आलं. शिवाय दहा फुटांच्या आत राहिलं की देखभालीच्या गाडीचं गणितही हलक्या गाडीवर करता येतं. जुन्या डेकवर, म्हणजे पुलाच्या वाटेच्या पृष्ठभागावर, वर्षानुवर्षं चढवलेले डांबराचे थर काढून लाकडी फळ्या टाकल्या, त्यानेही बराच भार उतरला.

दुसरी गोष्ट धातूची. १८९० च्या दशकात घडीव लोखंड मागे पडून पोलाद येत होतं, त्यामुळे एकाच पुलात दोन्ही सापडतात. काय आहे ते माहीत नसेल तर नियम दोन्हींसाठी चौरस इंचाला २६,००० पौंड एवढीच ताकद धरायला सांगतात. आम्ही कमी ताण येणाऱ्या जागांवरून लहान तुकडे कापून प्रयोगशाळेत पाठवले. २,४०० डॉलर लागले. आयबार पोलादाचे निघाले आणि ताकद बरीच जास्त आली, त्यामुळे खालची पूर्ण साखळी वाचली. पूर्ण प्रकल्पात याहून चांगले खर्च केलेले पैसे मला आठवत नाहीत. पिना मात्र ध्वनिलहरींनी तपासल्याच पाहिजेत, तिथे काटकसर नको. १५ डिसेंबर १९६७ ला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज एका आयबारच्या तड्यामुळे कोसळला आणि ४६ माणसं गेली. अमेरिकेत पुलांची नियमित तपासणी सक्तीची झाली ती त्यानंतर. इंजिनिअरने हे पहिल्याच बैठकीत सांगितलं. मला त्या रात्री झोप लागली नाही. पुढे तपासणीचं बिल आलं तेव्हा मी एकही शंका न काढता सही केली.

पैशांचं थोडक्यात. पहिला अंदाज आमचा आम्हीच केला होता, १,८०,००० डॉलर. इंजिनिअरने २०१९ मध्ये ४,९०,००० सांगितले. शेवटी झाले ७,४२,०००. त्यात सगळ्यात मोठे दोन आकडे म्हणजे कारखान्यातली दुरुस्ती, २,१४,०००, आणि नव्या जागचे काठाचे कॉंक्रीटचे आधार, १,९३,०००. प्रत्यक्ष पूल उचलून नेण्याला फक्त ५८,००० लागले. सगळे लोक विचारतात ते क्रेनबद्दल. पैसे जातात जमिनीखाली.

फेब्रुवारी २०२० मध्ये फेडरल अनुदानाचा अर्ज केला, मार्चमध्ये जग बंद पडलं, सप्टेंबरमध्ये मंजुरीचं पत्र आलं. मान्य खर्चाच्या ८० टक्के सरकार देतं, आमच्या बाबतीत ५,१२,०००. पण दोन गोष्टी पत्राच्या तळाशी असतात. एक, हे पैसे आधी मिळत नाहीत. तुम्ही खर्च करायचा, बिलं लावायची, मग परतावा. आमचा सर्वांत लांबलेला परतावा १३० दिवसांनी आला आणि मधल्या काळासाठी उद्यान मंडळाला बॅंकेकडून उचल घ्यावी लागली. दोन, काम सुरू करण्याची लेखी परवानगी येण्याआधी केलेला खर्च धरत नाहीत, मग तो कितीही योग्य असो. आमचे १,०२,००० डॉलर असेच बाहेर राहिले, त्यातले काही निव्वळ उत्साहापायी. परवानगी बुधवारी येणार होती, आम्ही सोमवारी मातीची चाचणी करून घेतली. सहा हजार डॉलर गेले. ती चूक माझी. तारीख मीच वाचायला हवी होती. पाडण्याच्या खर्चापोटी काउंटीकडून ६५,००० मिळाले. उरलेले १,६५,००० देणग्या. त्याबद्दल काय लिहायचं, पॅनकेक विकले, पत्रं लिहिली, लाज सोडली.

मग परवानग्या. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण इथे फारच आशावादी वाटते. नव्या जागचा ओढा पूरक्षेत्रात येतो, त्यामुळे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याची परवानगी हवी. पुलामुळे पुराची पातळी ०.१५ फूट वाढता कामा नये, म्हणजे दोन इंचही नाही. पहिल्या आराखड्यात वाढली. आधार मागे सरकवता येईनात, कारण पूल १०४ फुटांचा तो १०४ फुटांचाच. शेवटी कागदावर पूर्ण पूल वर उचलला आणि दोन्ही बाजूंचे चढाव लांबवले. कागद परत पाठवून पुन्हा मंजूर व्हायला सात महिने. नवी जागा निवडताना आम्ही सावली, पार्किंग आणि फोटो कुठून चांगला येईल हे पाहिलं होतं. पूरक्षेत्राचा नकाशा आधी पाहायला हवा होता. तो फुकट मिळतो.

लष्कराच्या अभियंता विभागाचीही परवानगी लागते, ओढ्याच्या पात्रात काही भर पडणार असेल तर. झाडं तोडायची असतील तर १ एप्रिल ते ३० सप्टेंबर बंद, कारण इंडियाना बॅट नावाचं दुर्मिळ वटवाघूळ उन्हाळ्यात सालींखाली राहतं. हलवलेल्या वास्तूला ऐतिहासिक नोंदणीत सहसा जागा नसते, त्यामुळे पूल नोंदणीत असेल किंवा पात्र असेल तर हलवण्याआधीच राज्याच्या ऐतिहासिक वास्तू जतन कार्यालयाशी बोलून घ्यावं. पूल हा त्याच्या बांधणीसाठी महत्त्वाचा असेल तर सवलत असते. जतन कार्यालयातली माणसं आम्हाला वाटलं होतं त्याहून कितीतरी बरी होती. त्यांना खोटं वचन दिलेलं चालत नाही, एवढंच.

सगळं जुळून आलं २०२१ च्या जूनमध्ये. क्रेन ठरली, पुलाशेजारच्या शेताचा शेतकरी तयार. आणि खालच्या तुळयांवर भिंगऱ्यांची मातीची घरटी. एकोणतीस. आत अंडी. अंडी किंवा पिल्लं असलेल्या घरट्याला हात लावता येत नाही, १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे. कंत्राटदार मला म्हणाला, "मॅडम, आता बॉस ती आहे," आणि चिखल घेऊन येणाऱ्या एका भिंगरीकडे बोट दाखवलं. मी चिडले. घरी येऊन नवऱ्यावर चिडले, त्याचा यात काहीच संबंध नव्हता. घरटी रिकामी व्हायला सप्टेंबर उजाडतो. हंगाम सुरू होण्याआधी, एप्रिलअखेरपर्यंत, जुनी रिकामी घरटी काढून जाळी लावता आली असती. तुमच्या यादीत हे फेब्रुवारीत लिहा.

उशिराचा एक फायदा झाला. नोव्हेंबरपर्यंत शेजारच्या शेतातलं सोयाबीन निघालं होतं, आणि शेतकऱ्याने क्रेन उभी करायला आणि पूल ठेवायला ते शेत बाराशे डॉलरला दिलं. सत्तरी पार केलेला माणूस, त्याच्या वडिलांनी याच पुलावरून जुंपलेले घोडे नेले होते. तो रोज खुर्ची घेऊन यायचा.

मंगळवार, ९ नोव्हेंबर २०२१. डेक आधीच काढला होता, उरलेला सांगाडा सुमारे २३ टन. तीनशे टनी क्रेन. मी समजत होते की मधे हूक अडकवायचे आणि उचलायचं. पण पूल दोन टोकांवर टेकलेला असतो तेव्हा खालची आयबारांची साखळी ताणात असते. आतल्या जोडांना धरून उचलला की तीच साखळी दबते, आणि पट्ट्या दाब सोसत नाहीत, वाकतात. म्हणून दोन दिवस खपून खालच्या पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके बांधले होते, मोडलेल्या हाताला फळी बांधतात तसे. सव्वादहाला पूल सुटला. एका कोपऱ्यात पूल ज्यावर टेकतो ते बेअरिंग गंजून धरून बसलं होतं, तिथे काहीतरी कडकन वाजलं आणि सगळे दोन पावलं मागे आले. मग तो नुसता वर गेला. अकरा मिनिटं हवेत होता. खाली ओढा तसाच वाहत होता आणि दोन्ही काठांच्या मधे एकदम खूप आकाश आलं. शेतकऱ्याने टोपी काढली होती. मला रडू आलं नाही, मी घड्याळ बघत होते. क्रेनचे पैसे तासावर होते.

शेतातच तो सुटा केला. प्रत्येक तुकड्याला पत्र्याचे नंबर तारेने बांधले. रंगाने नुसतं लिहू नका, सॅंडब्लास्टिंगमध्ये, म्हणजे वाळूच्या माऱ्याने रंग खरवडताना, ते जातं. आणि गंमत म्हणजे रंग खरवडल्यावर खाली १८९३ चे ठोकलेले नंबर निघाले, त्यांचे आणि आमचे क्रम एका ठिकाणी सोडून सगळीकडे जुळले. पंधरा पिना तापवून, जॅकने दाबून निघाल्या. सोळावीने दीड दिवस घेतला.

जुन्या रंगात शिसं होतं, असणारच. त्यामुळे खरवडणं तंबूच्या आत, कामगारांची रक्ततपासणी, कचरा वेगळा. इथे स्वयंसेवकांनी हात घालायचा नाही. "आम्ही शनिवारी येऊन घासून देतो" म्हणणारे प्रेमळ लोक खूप भेटतात, त्यांना गोड बोलून थांबवा.

कारखान्यातला हिवाळा मला सगळ्यात आवडला. मी दर पंधरा दिवसांनी जायचे, बिलं तपासायचं निमित्त करून. दोन पट्ट्यांच्या फटीत गंज धरला की तो फुगतो, इतका की जाड पट्टी पोळीसारखी फुगून वर येते. ते तापवून, ठोकून, सपाट करतात. तुळया जिथे पिनेला टांगलेल्या असतात ते इंग्रजी यू आकाराचे बोल्ट सगळे नवे केले. तिथे जुन्याचा मोह धरायचा नाही. तुळयांची टोकं मात्र नवे तुकडे लावून वाचवली. जोडांत पिना असल्या तरी पट्ट्या आपसांत रिवेटनेच जोडलेल्या असतात; त्या रिवेटच्या जागी गोल डोक्याचे बोल्ट घालावेत असं एक मत होतं, लांबून फरक कळत नाही आणि खर्च कमी. जतन कार्यालयाशी बोलून आम्ही मधला मार्ग काढला. दिसणाऱ्या जागी तापवलेले रिवेट, आतल्या जागी बोल्ट. ४१२ रिवेट बसले. भट्टीतून उजळ नारिंगी निघालेला रिवेट चिमट्याने भोकात घालायचा, मागून एकाने जड ठोकळा दाबून धरायचा, पुढून दुसऱ्याने हवेच्या हातोडीने डोकं घडवायचं, हे सगळं काही सेकंदांत. लालसर झाला तर उशीर झाला, पांढरा होऊन ठिणग्या उडवायला लागला तर जळला, फेकून द्या. थंड होताना तो आखडतो आणि पट्ट्यांना घट्ट आवळतो. एक रिवेट मी ठोकला. वाकडा झाला. त्यांनी काही न बोलता तो काढला आणि दुसरा घातला, आणि तो काढायचा वेळ बिलात लावला नाही.

रंग तीन थरांचा: जस्ताचा प्रायमर, मधे इपॉक्सी, वर पॉलियुरेथेन. कोणता रंग यावर समितीची बैठक तीन तास चालली. पुराच्या परवानगीवर आम्ही एवढं बोललो नव्हतो.

२०२२ पूर्ण वाट पाहण्यात गेलं. आधारांच्या निविदेला पहिल्यांदा एकच कंत्राटदार आला, अंदाजाच्या दीडपट. पुन्हा निविदा. लाकूड २०२१ मध्ये इतकं महाग झालं होतं की फळ्यांची खरेदी आम्ही मुद्दाम लांबवली, आणि ते मात्र जमलं. रंगवलेले तुकडे कारखान्याच्या आवारात ताडपत्रीखाली, भाडं महिना ४५० डॉलर. या काळात गटातले दोघं सोडून गेले. भांडण नाही, कंटाळा. मीही एकदा राजीनाम्याचं पत्र लिहिलं होतं, ते पाठवायचं राहून गेलं कारण त्याच दिवशी लेखापरीक्षकाचे प्रश्न आले.

मे २०२३ मध्ये पूल नव्या काठांवर बसला. एका टोकाला पक्का, दुसऱ्या टोकाला सरकता, उन्हाने लांब होतो म्हणून. जुने रोलर जाम झाले होते, त्यांच्या जागी नव्या गाद्या. पिना या वेळी ग्रीस लावून तासाभरात बसल्या. जूनमध्ये फळ्या, ऑगस्टमध्ये कठडे. शनिवार, १४ ऑक्टोबर २०२३ ला उघडला. पाऊस होता. शेतकरी मुलाच्या गाडीतून आला, पलीकडे चालत गेला, परत आला आणि म्हणाला, "आवाज बदललाय." खरं आहे. पूर्वी गाडी गेली की फळ्या खडखडायच्या, आता सायकल गेली तर नुसती घरघर येते. आईने व्हिडिओ पाहिला आणि विचारलं, "एवढाच?"

एक शेवटची गोष्ट. पादचारी पूल झाला की तो महामार्गांच्या पुलांच्या सक्तीच्या तपासणीतून बाहेर पडतो. म्हणजे कुणीही आपणहून येऊन बघत नाही. आमच्या करारात दर दोन वर्षांनी तपासणी लिहिली होती, विमा कंपनीलाही ती हवी होती. खर्च सध्या २,८०० डॉलर, तो देखभालीच्या निधीतून जातो. निधीत निदान दहा वर्षांचे पैसे असल्याशिवाय फीत कापू नका. पहिल्या तपासणीचा अर्ज गेल्या महिन्यात भरला. पहिले तीन रकाने तेच होते. चौथ्यात मालक, उद्यान मंडळ. त्याच्या खाली एक नवा रकाना होता, देखभालीस जबाबदार व्यक्ती, आणि त्यात खजिनदाराचं नाव आधीच छापून आलं होतं.